मेहुण्याची सोनेरी मोटर

मेहुण्याकडून मोटर आली तेव्हा ग्रॅमकाकांनी आधी खोक्याचा वास घेतला. मग ते कानाशी धरून हलवलं. मग उजेडाकडे धरून चिकटपट्टी एकदाच लावलीय की कुणी उघडून पुन्हा लावलीय, ते पाहिलं. एवढं झाल्यावर ते म्हणाले, "ह्यात काहीतरी आहे."

"मोटर आहे," काकू म्हणाल्या. "बाहेर लिहिलंय."

"बाहेर लिहिलंय म्हणूनच म्हणतोय."

काका वजनमापे खात्यात निरीक्षक. जगात जे जे म्हणून छापलेलं आहे ते ते खोटं आहे, असं धरून चालायचं आणि खरं निघालं तर तात्पुरतं सोडून द्यायचं, ही त्यांची रीत. घरी बिस्किटांचा पुडा आला की आधी काट्यावर जायचा, मग ताटलीत. म्हणूनच इमारतीत त्यांना ग्रॅमकाका म्हणत. लोकांनी हे नाव चिडवायला ठेवलं होतं, काकांनी ते पदवीसारखं लावून घेतलं. ते झोपत तेव्हाही त्यांचा एक डोळा अर्धवट उघडा असे, आणि काकूंचं म्हणणं असं की तो मिटलेल्या डोळ्यावर लक्ष ठेवतो.

आता असा माणूस आभाळाच्या नादी लागेल असं कुणाला वाटेल? पण लागला होता. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर काका विमान उडवायला जात. हातभर पंखांचं, हलक्या लाकडाचं, रिमोटवर चालणारं विमान. नुसतं उडणारं नव्हे, कसरतीचं. कोलांट्या घेणारं, पाठीवर पडून जाणारं, आणि मनात आलं तर शेपटीवर उभं राहून हवेत लटकणारं, दोरीवर विसरलेला सदरा लटकतो तसं. हे लटकणं सगळ्यांत अवघड. त्यासाठी मोटरची ओढ विमानाच्या वजनापेक्षा चांगलीच जास्त लागते. म्हणजे पुन्हा हिशोब ग्रॅमचाच. काका आभाळात गेले तरी काटा बरोबर घेऊन गेले होते, एवढंच.

त्यांच्याकडे स्वतः पारखून घेतलेली लाल मोटर होती. तिच्यावर विमान शेपटीवर उभं राहायचं खरं, पण जिना चढून आलेल्या पाहुण्यासारखं. धापा टाकायचं आणि दोन श्वासांत खाली बसायचं. मैदानावर स्वतःचं विमान घेऊन येणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. डॉक्टर मेहुण्याच्या किराणा दुकानातून सामान भरत, तिथे ते बोलले असणार. आणि म्हणून ही सोनेरी मोटर.

पण ह्या मेहुण्याची गोष्ट साधी नव्हती. खात्याच्या तपासणीत एकदा त्याचं दुकान आलं. काट्यात थोडासा फरक निघाला, बोटाला लागलेली साखर झटकावी एवढा. काकांनी सख्ख्या मेहुण्यासमोर कागद पसरला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "आपलं नाव?" मेहुण्याने सांगितलं. पूर्ण सांगितलं. मग काट्याला लाखेचं सील लागलं, आणि त्या दिवसापासून मेहुणा बहिणीच्या घराची पायरी चढला नाही.

काकू त्यावर कधी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फोन उचलायच्या, नंबराच्या अर्ध्यावर थांबायच्या, ठेवून द्यायच्या. आईवडील गेल्यावर त्यांचं माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते त्या एका दुकानात होतं, आणि त्या दुकानावर नवऱ्याने लाख लावली होती.

आणि आता मेहुण्याचाच फोन आला होता. "ताई, मोटर मिळाली का? भावोजींना म्हणावं उडवून बघा. रविवारी मैदानावर येतो मी. मग जेवायला तुझ्याकडे." काकूंनी फोन ठेवला आणि त्या बराच वेळ नुसत्या ओटा पुसत राहिल्या. ओटा आधीच स्वच्छ होता.

"वजन लालपेक्षा कमी," काका खोक्यावरचं वाचत होते, "आणि ओढ जवळजवळ दीडपट. कमी खाऊन जास्त काम करणारं मी आजवर कुणी पाहिलेलं नाही. ना खात्यात, ना खात्याबाहेर."

"अहो, भेट आहे ती. भेट कुणी तोलतं का?"

"भेट आहे म्हणून तर. विकताना फसवलं तर त्यात नफा दिसतो, माणूस समजून घेतो. फुकट देऊन कशासाठी फसवतोय, हे कळायला नको?"

काकूंनी पदर खोचला. "हे बघा. तो इतक्या दिवसांनी येतोय. रविवारी तुमच्या तोंडून ग्रॅम हा शब्द निघाला, तर मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी जाईन आणि तुमचं तुम्ही तोलून खा."

हे त्या हळू आवाजात बोलल्या. काकूंचा हळू आवाज फार वजनदार असे, आणि तो काकांना काट्याशिवाय कळे.

तरीही, मोजायचं तर होतंच. न मोजता मोटर बसवली, ऐन हवेत तिने दगा दिला, तर महिनोन् महिने कोरलेलं विमान मातीत जाणार. आणि मेहुण्याच्या मनात नेमकं हेच नसेल कशावरून? सूड घेणारे लोक हल्ली आधी फोन करतात, असं काकांचं निरीक्षण होतं.

मोजणी स्वयंपाकघरात ठरली, कारण टेबल तिथेच सपाट होतं. काट्यावर जड लाकडी ठोकळा, ठोकळ्याच्या माथ्यावर मोटर, मोटरला पंखा. पंखा फिरला की मोटर वर ओढणार, ठोकळा हलका होणार, आणि जेवढा हलका तेवढी ओढ. पंखा मात्र एकच. आधी लालला, मग तोच काढून सोनेरीला. एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं, असलं काही काकांच्या हातून होणं नव्हतं.

ह्या तयारीत इतकी शिस्त होती की शेजारी काकू कणकेसाठी पिठाचा डबा उघडून उभ्या आहेत, हे शिस्तीत बसलं नाही.

पंखा फिरला आणि स्वयंपाकघरात धुकं उतरलं. भांड्यांवर उतरलं, खिडकीवर उतरलं, दूध उतू जायच्या बेतात होतं तेही गप्प बसलं. दोन्ही मोजण्या उरकून धुकं विरलं तेव्हा काकूंच्या हातात रिकामा डबा होता आणि पांढऱ्याशुभ्र काकांच्या चेहऱ्यावर संशयाचे दोन काळे ठिपके तेवढे शिल्लक होते.

"दोन्ही कमी भरल्या," ठिपके म्हणाले. "लालसुद्धा. हे शक्य नाही. लाल मी घेतलेली आहे."

काकू झाडू आणायला गेल्या. काका विचार करत बसले आणि तिथेच, पिठात, त्यांना उजेड दिसला. एकदा सुक्या मेव्याच्या दुकानात त्यांनी एक चलाखी पकडली होती. दुकानदाराने छताचा पंखा नेमका तागडीवर आणला होता, वारा माल दाबायचा आणि गिऱ्हाईक वाऱ्याचे पैसे द्यायचं. इथेही तेच. मोटर वर ओढत होती आणि तिचाच वारा खाली काटा दाबत होता. घरात चोर होता तो वारा. काकांना मनापासून आनंद झाला. वाऱ्याला रंगेहाथ पकडणारा खात्यातला दुसरा माणूस त्यांना तरी माहीत नव्हता.

उपाय सोपा होता. मोटर उलटी फिरवायची, पंखा उलटा बसवायचा, वारा वर सोडायचा. मग काट्यावर जेवढा दाब पडेल तेवढी ओढ. फक्त वर मोकळं आभाळ हवं. म्हणजे गच्ची. म्हणजे गच्चीची किल्ली. म्हणजे सेक्रेटरी.

सोसायटीचे सेक्रेटरी हे काकांच्याच जातकुळीतले, फक्त त्यांचा संशय बिनपगारी होता.

"कसली मोटर?" त्यांनी विचारलं.

"विमानाची."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "विमान गच्चीवर आहे?"

"विमान कपाटावर आहे. मोटर गच्चीवर न्यायचीय."

"आणि तिथे काय करणार?"

"ओढ मोजणार."

सेक्रेटरींनी मान वर करून छताकडे पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर बरेच दिवस पाणी नीट येत नव्हतं. टाकी गच्चीवर होती. आणि हा माणूस तिथे मोटर नेऊन काहीतरी ओढणार होता. "अर्ज द्या," ते म्हणाले. "यंत्राचा हेतू लिहा. आणि मी स्वतः हजर राहीन."

ते हजर राहिले. खुर्ची घेऊन, टाकीला पाठ लावून बसले, म्हणजे टाकीकडे जायचं तर त्यांच्यावरून जावं लागेल. काकांनी काटा मांडला. सेक्रेटरींनी वाकून पाहिलं आणि असं एक वाक्य उच्चारलं की ज्यासाठी काका पुढे कित्येक दिवस मनातल्या मनात उत्तरं तयार करत होते.

"पण तुमच्या ह्या काट्यावर भरवसा काय?"

काकांच्या काट्यावर. काकांच्या. ज्या हाताने गावातले निम्मे काटे सरळ केले, त्या हाताच्या काट्यावर. दुसरा कुणी असता तर हसला असता. काकांनी मोटर खोक्यात ठेवली, काटा काखेत मारला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच कार्यालयात, स्वतःच्याच टेबलाच्या उलट्या बाजूला, रांगेत उभे राहिले. काट्यावर खात्याचा शिक्का हवा होता.

खिडकीतल्या कारकुनाने, जो रोज त्यांच्या डब्यातलं लोणचं खात असे, त्यांच्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं. "साहेब, खाजगी काट्याला शिक्का? दुकान काढताय की काय?"

"दुकान नाही. घरचं काम आहे."

"सगळे असंच म्हणतात, साहेब. हे वाक्य तुम्हीच आम्हाला शिकवलंय." आणि मग आवाज खाली आणून, "कसलं दुकान आहे? आपल्याला सांगायला काय हरकत आहे?"

शिक्का मिळाला, पण संध्याकाळपर्यंत कार्यालयात बातमी पक्की झाली होती की साहेबांनी बायकोच्या नावावर सुक्या मेव्याचा धंदा टाकला आहे.

मधल्या काळात दातांचे डॉक्टर घरी येऊन गेले. दारातच म्हणाले, "त्या सोनेरी मोटरबद्दल एक सांगायचं होतं, काका, तिला जो पंखा..."

काकांनी हात वर केला. मोटर कुणाच्या शिफारशीवरून आली होती? ह्यांच्याच. दुकानातून सामान कोण भरतं? हेच. "चौकशी चालू आहे," ते म्हणाले. "निकाल लागेपर्यंत चर्चा नको." डॉक्टर दुसऱ्याचं तोंड उघडण्यात पटाईत होते, पण स्वतःचं त्यांना तिथे मिटावं लागलं.

शेवटी गच्चीवर, शिक्क्याच्या काट्यावर, सेक्रेटरींच्या साक्षीने मोजणी झाली. वारा वर गेला आणि जाताना सेक्रेटरींची टोपी घेऊन गेला. लाल मोटर खोक्यावर लिहिल्याबरहुकूम भरली. सोनेरी मोटर लिहिलेल्याच्या जेमतेम निम्मी भरली. काकांनी पुन्हा मोजलं. पुन्हा निम्मी.

"नकली आहे तर," सेक्रेटरी टोपी शोधत म्हणाले.

काकांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. खाली आले तर काकू बाजारातून आल्या होत्या, पिशवीत भावाला आवडणाऱ्या भाज्या होत्या, आणि त्या गुणगुणत होत्या. त्या गुणगुणतात हेच काका विसरून गेले होते. कुठल्याशा जुन्या दळणाच्या चालीवर, शब्द अर्धे गाळून, तवा पुसत पुसत. काकांनी तोंड उघडलं, चाल ऐकली आणि तोंड मिटलं. नंतर एकटेच खोलीत बसून त्यांनी सोनेरी मोटर एका पिशवीत घातली, लाख लावली, वर 'नमुना' असं लिहिलं आणि पिशवी खिशात टाकली. सवयीचा माणूस दुसरं काय करणार.

पण रविवारी विमानात काय बसवायचं? सोनेरी बसवली तर विमान जाणार. लाल बसवली तर मेहुणा जाणार, आणि त्याच्या मागे त्याची बहीण.

शनिवारी दुपारी, काकू शेजारी गेलेल्या पाहून, काकांनी फोटोच्या चौकटींना लावायचा सोनेरी रंग काढला. लाल मोटरवर ब्रश ठेवण्याआधी त्यांनी दाराला आतून कडी लावली. सोनेरी मोटरचं लेबल त्यांनी सील करण्याआधीच सवयीने नखाने सोडवून ठेवलं होतं. जन्मभर लोकांची लेबलं सोलली, आणि आता हे एक चिकटवलं. तेही वाकडं बसलं. खोट्या धंद्यालाही सराव लागतो, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि पकडलेल्या काही लोकांबद्दल मनात किंचित आदर उमटला.

"कुठली बसवलीत?" काकूंनी विचारलं.

"दिसत नाही का? सोनेरी आहे," काका म्हणाले. कायद्याने हे वाक्य खरं होतं.

काकूंनी विमानाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. काट्याच्या पारड्याकडे पाहावं तसं पाहिलं.

रविवारी मैदानावर मेहुणा आधीच येऊन उभा होता. अंगाने सुटलेला, केसांनी उतरलेला. काकूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वाळलास रे." तो म्हणाला, "ताई, तुझे डोळे तपासून घे." एवढ्यावर दोघांचं झालं. मग तो काकांकडे वळला. "भावोजी," तो म्हणाला. "तुम्ही आलात," काका म्हणाले. पूर्वी ते त्याला अरेतुरे करत. पंचनाम्यात 'तुम्ही' लिहावं लागलं आणि ते तसंच राहून गेलं होतं.

विमान उडालं. गिरकी घेतली, कोलांटी घेतली, पाठीवरून गेलं. मग शेपटीवर उभं राहिलं, धापा टाकल्या आणि बसलं.

मेहुण्याच्या कपाळाला आठी पडली. "डॉक्टर तर म्हणाले होते, ही मोटर विमान लटकवून ठेवते."

"छापलेलं सगळंच खरं नसतं," काका घाईघाईने म्हणाले आणि विमान उतरवलं.

मेहुण्याने ते उचलून घेतलं. मोटर तापली होती. लेबल वाकडं आहे असं वाटून त्याने ते अंगठ्याने सारखं केलं. मग अंगठा पाहिला. अंगठा सोनेरी झाला होता. मोटर, अंगठ्याएवढीच, लाल झाली होती.

डॉक्टर आपल्या विमानाचं चाक विनाकारण फिरवत राहिले. काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं नाही, जिथे होतं तिथेच थांबलं, आणि ते पाहणं काकांना फार जड गेलं.

मेहुणा सावकाश खाली गवतावर बसला. डॉक्टरांकडून पेन मागून घेतलं, विमानाचं रिकामं खोकं मांडीवर उलटं ठेवलं आणि टोपण काढलं.

"आपलं नाव?" त्याने विचारलं.

काकांनी सांगितलं. पूर्ण सांगितलं.

"व्यवसाय?"

"वजनमापे निरीक्षक."

"पंच म्हणून ताई आणि डॉक्टर. माल कुठे आहे?"

काकांनी खिशातून लाखेची पिशवी काढून पुढे ठेवली. मेहुण्याने ती फिरवून पाहिली. "सील चांगलं लावलंय," तो म्हणाला. "तुमचं सील पहिल्यापासूनच चांगलं. ही सील का केली?"

"निम्मी भरली. शिक्क्याच्या काट्यावर." काका मान खाली घालून बोलत होते, पण आवाजात खातं होतं. "दोन्ही मोटरींना एकच पंखा लावून मोजलं. कुणावर अन्याय नको म्हणून."

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "अहो काका, हेच सांगायला आलो होतो मी. लाल मोटर भराभर फिरते, तिला छोटा पंखा लागतो. सोनेरी दमाने फिरते, तिचं अंगच मोठ्या पंख्याचं आहे. तुम्ही पैलवानाला पोराच्या चपला घालून पळवलंत आणि म्हणालात, लंगडा आहे."

काकांनी डॉक्टरांच्या विमानाच्या पंख्याकडे पाहिलं. मग त्यांचा संशय एकदा शेवटची मान वर करून म्हणाला, "मोठा पंखा लावला तर लालचीही ओढ वाढेल."

"वाढेल. आणि ती जळेल."

"एक माप सगळ्यांना हा माझा नियम आहे," काका म्हणाले. हे ते डॉक्टरांना म्हणाले, पण पाहत होते मेहुण्याकडे.

"माहीत आहे," मेहुणा म्हणाला. "माझ्याइतका तो कुणाला माहीत असणार?" त्याने खोक्यावर खरंच काहीतरी लिहिलं आणि पेन परत दिलं. "काटा माझा बिघडलेलाच होता, भावोजी. त्याचा राग नाही. तुम्ही नाव विचारलंत, त्याचा होता."

लाख फोडली. डॉक्टरांच्या पेटीतून मोठा पंखा निघाला. मोटर बसवताना काकांना स्क्रू सापडेना, तो मेहुण्याने शोधून दिला.

मग विमान वर गेलं. गेलं आणि मैदानाच्या मधोमध, माणसाच्या डोक्यापेक्षा थोडं उंच, शेपटीवर उभं राहिलं. उभंच राहिलं. धाप नाही, घाई नाही. एखाद्या अदृश्य खुंटीला कुणी टांगून ठेवलं आणि घरात निघून गेलं, असं. खाली त्याच्या वाऱ्याने गवत गोल गोल निजलं, आणि त्या गोलाच्या काठावर बहीणभाऊ वर तोंड करून उभे होते. काकूंचा पदर वाऱ्याने भावाच्या तोंडावर जात होता, तो बाजूला सारत होता, पुन्हा जात होता, आणि दोघांपैकी कुणीही सरकत नव्हतं. काकांना बॅटरीची काळजी वाटत होती. तरी त्यांनी विमान बराच वेळ खाली घेतलं नाही.

"शिक्षा काय करायची?" जेवण झाल्यावर मेहुण्याने विचारलं.

काकू हात पुसत आल्या. सगळा वेळ त्या फार कमी बोलल्या होत्या. "घरातली साखर ह्यांनी आणायची," त्या म्हणाल्या. "दर आठवड्याला, ह्याच्या दुकानातून. आणि घरी आणून तोलायची नाही."

काकांचा चेहरा पडला. "कैद नाही का देता येणार?" त्यांनी विचारलं.

शिक्षा त्याच आठवड्यात सुरू झाली. दुकानात मेहुणा म्हणाला, "काट्याकडे पाठ करून उभे राहा, भावोजी." काका पाठ करून उभे राहिले. मागे साखर पडत होती, सळसळ सळसळ, आणि ती जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली नाही, असं त्यांच्या कानाला वाटलं. जिना चढताना त्यांचा हात आपोआप वर-खाली होत होता. सेक्रेटरींनी वाटेत पिशवीकडे पाहून विचारलं, "काय आहे?" काका पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "साखर. किती ते विचारू नका."

घरी काकूंनी डबा पुढे केला. साखर काठापर्यंत आली, डबा भरला, आणि पिशवीत बऱ्यापैकी उरली.

"तुझा भाऊ जास्त घालतो," काका खोल आवाजात म्हणाले.

"मग?"

"जास्त घालणं हाही मापातला दोषच आहे."

काकूंनी उरलेली साखर वाटीत ओतली. "तक्रार करायची का?"

काकांनी बराच विचार केला. वाटीकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"पुढच्या आठवड्यात बघू," ते म्हणाले. "एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही. परत जावं लागेल."